खिडकी नसलेल्या खोलीचे गाणे

मी एक जुने, अजरामर गाणे आहे. हा शब्द माझ्या तोंडचा नाही. माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या खेपेच्या वेष्टनावर तो ठळक अक्षरांत छापला होता, आणि तोही 'अजारमर' असा.

मित्रांनो, माझे नाव 'मला सोड'. तुम्ही मला ऐकलेले नसेल तर तुमच्या वडिलांना विचारा. ते लगेच डोळे मिटून मान मागे टाकतील आणि माझी पहिली ओळ चुकीच्या पट्टीत म्हणू लागतील. त्यांना थांबवा. मी रॉक गाणे आहे. म्हणजे माझ्यात दोन गिटार आहेत, एक ड्रमसेट आहे आणि एक माणूस आहे, जो जमेल तितक्या वरच्या आवाजात एकच मागणी करत राहतो. ती मागणी नक्की कोणती यावरून जो घोळ झाला, आणि त्या घोळावर अलीकडे जो व्हिडिओ काढण्यात आला, त्याची ही हकीकत आहे. मी वैतागलेले आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. तसाही आवाज चढवणे हा माझा धंदाच आहे.

माझा जन्म गाद्यांच्या गोदामात झाला. इतर रॉक गाणी तळघरात, गॅरेजात, गेला बाजार हॉस्टेलच्या गच्चीवर जन्मतात. मी कापसात जन्मले. चौघांचा बँड होता. गिटारवाल्या दोघांपैकी एक पुढे दातांचा डॉक्टर झाला आणि दुसरा त्याचा पेशंट, म्हणून ते दोघे या गोष्टीत नाहीत. उरले गायक आणि दणक्या. दणक्या ड्रम वाजवायचा. त्याच्या वडिलांचे गाद्यांचे दुकान होते, दुकानामागे गोदाम होते, आणि दुपारी दुकान बंद असताना गोदामात काय वाटेल ते करा अशी वडिलांची परवानगी होती. अट एकच होती. तालीम संपली की त्या दिवशीच्या गाद्या घरोघर पोचवायच्या, मगच गाडी मोकळी.

चहूकडे गाद्यांच्या थप्प्या असल्यामुळे दणक्याने कितीही जोर लावला तरी ड्रममधून 'धाड' निघायचे नाही, 'धप' निघायचे. आज ध्वनिमुद्रणाच्या वर्गात माझा तो 'धप' उबदार ध्वनीचा नमुना म्हणून शिकवतात. उबदार असणारच. कापूस होता.

गायकाचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते आणि त्याच्याकडे साधी सायकलही नव्हती. तालीम संपली की दणक्या त्याला म्हणायचा, "बस मागे, जाता जाता सोडतो." 'जाता जाता' या दोन शब्दांत किती दारे मावतात हे एक दणक्यालाच ठाऊक. पुढच्या सीटवर उशा असायच्या, कारण चुरगळलेली उशी गिऱ्हाईक परत पाठवते. त्यामुळे गायक मागे, गाद्यांवर, वळणावर त्या घसरू नयेत म्हणून दोन्ही हातांनी त्यांना कवटाळून बसलेला. घरी बायको वाट बघते आहे, आणि हा पठ्ठ्या अख्ख्या गावाची झोपायची सोय करत हिंडतो आहे. एका संध्याकाळी त्याचा बांध फुटला. इंजिनाचा आवाज इतका होता की साधे बोललेले पुढे पोचत नसे, म्हणून तो वरच्या पट्टीत ओरडला. जाणकार ज्याला माझा काळीज चिरणारा आरंभस्वर म्हणतात, तो इंजिनाच्या वर जाण्यासाठी लावलेला आवाज आहे.

दुसऱ्या दिवशी गोदामात त्याला चाल लागली. मी अशी झाले:

मला सोड, आता मला सोड,
तुझ्यामागे सगळी संध्याकाळ गेली.
सारे मऊ आहे, पण झोप नाही,
अजून एक दार, म्हणे, अजून एक दार.
खिडकीत दिवा लागला असेल,
मला सोड.

मित्रांनो, यात रूपक शोधू नका, मी हात जोडते. 'तुझ्यामागे' म्हणजे ड्रायव्हरच्या सीटमागे. मऊ काय होते ते तुमच्या लक्षात आले असेल. दार म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाचे दार. खिडकीची ओळ तेवढी बाजूला ठेवा, तिच्यापाशी आपल्याला यायचेच आहे.

आता 'सोड'. आपल्या भाषेत हा शब्द फार राबवून घेतला जातो. एखाद्याला नीट घरापर्यंत पोचवणे म्हणजेही सोडणे, आणि एखाद्याला कायमचे टाकून जाणे म्हणजेही सोडणे. पहिल्या दिवशी मी 'मला घरी सोड' असे होते. पण चालीत एक शब्द जास्त होऊ लागला. गायकाने बोटांवर मोजून पाहिले आणि 'घरी' काढून टाकले. 'मला घरी सोड' आणि 'मला सोड' यांत फक्त एका घराचा फरक आहे, असे त्याला वाटले असावे.

मी रेडिओवर लागले आणि लोकांनी मला डोक्यावर घेतले. एका साप्ताहिकाने मला 'एका पिढीने फोडलेला मुक्तीचा हंबरडा' म्हटले. 'सारे मऊ आहे, पण झोप नाही' या ओळीवर एका प्राध्यापकाने सुखवस्तू जीवनाच्या पोकळपणाविषयी व्याख्यान दिले. ते व्याख्यान ऐकायला दणक्या गेला होता. त्याने उठून विचारले की गाद्यांचा संबंध कुठे आला. त्याला बसवण्यात आले. लोक राजीनामा देताना मला गुणगुणू लागले. प्रेमभंग झालेली मुले मला एकमेकांना ऐकवू लागली. एका विमा कंपनीने तर मला फोनवर थांबलेल्या ग्राहकांसाठी लावले. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, असे एक बाई सांगत आणि लगेच मी सुरू होत असे. माझ्या सगळ्या कारकिर्दीत माझा अर्थ बरोबर लागला तो एवढाच.

गायकाला मुलाखतींत विचारत, या गाण्याचा अर्थ काय. एवढे मोठे मोठे अर्थ निघाल्यावर गाद्यांचे नाव कोण काढणार? तो हनुवटीखाली हात ठेवून सांगे, "गाण्याचा अर्थ गाण्यालाच विचारा."

मला कोणी विचारले नाही.

आणि जिने खरोखर विचारायला हवे होते तिनेही विचारले नाही. गायकाची बायको पाठ्यपुस्तके छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द पेन्सिलीच्या टोकाने तपासायचे हे तिचे काम. पहिली कॅसेट घरी आली तेव्हा आतल्या कागदावर माझे शब्द छापले होते. तिने ते वाचले. 'मला सोड' हे तिने वाचले. 'तुझ्यामागे सगळी संध्याकाळ गेली' हेही वाचले. मग ती खिडकीच्या ओळीवर आली आणि तिथेच थांबली. त्या दोघांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिला एक दार होते आणि बाकी भिंती होत्या. खिडकी नव्हती.

तिच्या धंद्यात चुकून पडलेला शब्द खोडतात. न खोडता ठेवलेला शब्द मुद्दाम ठेवलेला असतो. तिने कागद घडीवर घडी घालून परत डबीत ठेवला आणि तेव्हापासून मी कुठेही लागले की ती "आवाज फार आहे" म्हणून उठून जाऊ लागली. वेष्टनावरचे 'अजारमर' सगळ्यांत आधी तिलाच दिसले होते. तिने कोणाला सांगितले नाही.

म्हणजे पाहा, एका बाईला वर्षानुवर्षे वाटत राहिले की लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने आपल्यापासून सुटका मागितली, तीही ठेक्यावर, आणि सबंध गावाने त्यावर मान डोलावली. मी तिच्यासमोर किती वेळा वाजले असेन. दरवेळी वाटे, आज सांगून टाकावे. पण मला येतात तेवढेच शब्द येतात, आणि त्यांतला कामाचा शब्द तर काढून टाकलेला.

पुढे कॅसेटी गेल्या. माझ्या फिती कोणी बागेत पाखरे हाकलायला टांगल्या. सीडीच्या चकत्या आल्या, त्याही गेल्या. मी जाडजूड लोकांच्या व्यायामशाळेत थोडे दिवस काढले. मग एका वर्षी माझ्या कॅसेट काढणाऱ्या कंपनीला आठवले की मी अमुक इतक्या वर्षांचे झाले आहे, आणि अशा वेळी गाण्याला आजकाल चित्र लागते. नुसते वाजून भागत नाही. कथा लागते.

मला कथा होती. तिच्यात गाद्या होत्या.

व्हिडिओचे काम गायकाच्या भाचीकडे गेले. भाची हुशार. जाहिराती करून करून ती कंटाळली होती आणि तिला काहीतरी खरे करायचे होते. (मित्रांनो, कोणाला काहीतरी खरे करायचे असले की आम्ही जुन्या वस्तू कपाटात आणखी मागे सरकतो.) ती मामाकडे आली आणि तिने सरळ विचारले, "मामा, नक्की कशावर आहे रे हे?"

मामा म्हणाला, "अर्थ तू शोध. मी सांगितला तर मेला."

तिने शोधला. लहानपणापासून तिने पाहिले होते की मी लागले की मामी उठून जाते. त्यावरून तिने ताडले ते बरेचसे बरोबर होते आणि शेवटी पूर्ण चूक होते. तिने कथा लिहिली. एक नवरा आहे. एक बायको आहे, ती मोठ्या खिडकीत दिवा घेऊन बसते. नवऱ्याचा जीव घुसमटतो. शेवटी तो किल्ली टेबलावर ठेवतो, दार ओढून घेतो, खाली उभ्या असलेल्या जुन्या गाडीत बसतो आणि निघून जातो. बायको दिवा विझवते. भाचीला वाटत होते की आपण प्रथमच मामीच्या बाजूने बोलतो आहोत. त्यामुळे तिच्यावर चिडताही येईना.

मी कंपनीवर चिडले. कारण कथा बसवण्यासाठी मला कापले. पहिले मिनिटभर नुसते नळाचे थेंब. मग मी सुरू होते, तर मध्येच थांबते, कारण नवऱ्याला "मी चाललो" असे म्हणायचे आहे. ज्या गिटारच्या तुकड्यासाठी त्या दातांच्या डॉक्टरने तरुणपणी बोटे सोलून घेतली, त्यावर त्यांनी कुलूप उघडण्याचा आवाज घातला. भाचीने संकलकाला समजावले, "गाणं मागं राहिलं पाहिजे. स्टोरी पुढं." इतकी वर्षे लोक मला ऐकताना ज्याला जे दिसायचे ते बघत. कोणाला साहेब दिसे, कोणाला सासुरवाडी, एकाला तर घट्ट झालेले बूट दिसायचे, त्याने पत्र पाठवले होते. आता सगळ्यांना एकच कुरळ्या केसांचा मुलगा दिसणार, आणि तो मुलगा एका बाईला टाकून जाणार. ती बाई कोण हे घरच्या सगळ्यांना कळणार. आजवर जे मामीच्या मनात होते ते आता पडद्यावर ठोकले जाणार होते, आणि पडद्यावर दिसलेले खोडायला पेन्सिल चालत नाही.

बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानात त्यांनी प्लायवूडची खोली उभी केली. नायकाला दुपारी दुसऱ्या शूटिंगला जायचे होते, म्हणून शेवट सकाळीच घ्यायचा होता. जुनी गाडी हवी होती, ती दणक्याने आणली. तीच गाडी. दणक्या खाली उतरला, गुडघे चोळले आणि भाचीला विचारले, "माझ्या गाडीचं काय करणार म्हणालीस?"

"काका, तो यातून निघून जातो."

"कोण?"

"नवरा."

"कुठं?"

"कुठं ते दाखवायचं नाहीये. दूर."

"ही दूर नाही जात. कोपऱ्यापर्यंत ठीक आहे, पुढं गरम होते."

"कोपऱ्यापर्यंतच हवीय काका. पुढचं लोकांनी समजून घ्यायचं."

"आणि मागं गाद्या नकोत?"

"कसल्या गाद्या?"

दणक्याने तिच्याकडे पाहिले, खोलीकडे पाहिले, त्या भल्यामोठ्या खिडकीकडे पाहिले. "काही नाही," तो म्हणाला, "मला एकदा बसवलंय खाली. परत उभा नाही राहायचो."

नायकाने किल्ली ठेवली, दार ओढले, जिना उतरला, गाडीत बसला. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि गरम झाली. नायक टाळ्या घेऊन तिथूनच पुढच्या कामाला गेला.

दुपारी मामा आणि मामी आले. मामाने काळा चष्मा लावला होता. मामीला यायचे नव्हते, पण भाचीने फोनवर कथा सांगून गळ घातली होती, मामी, तुझ्यासाठी केलंय, तू बघायलाच पाहिजेस. कोपऱ्यात ध्वनिवाला मला तुकड्यातुकड्याने तपासत होता. पुढे, मागे, पुढे. सकाळपासून माझ्या तोंडून 'मला सो', 'मला सो' याखेरीज काही निघाले नव्हते.

भाचीने मामीचा हात धरून तिला त्या खोलीत नेले. "ही तुमची पहिली खोली. म्हणजे, अंदाजानं केलीय. खिडकी अशीच होती ना गं?"

मामीने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. "नाही."

"याहून मोठी?"

"नव्हती."

"म्हणजे लहान होती."

"खिडकीच नव्हती," मामी म्हणाली. "दार होतं. भिंती होत्या."

भाची गोंधळली. "मग गाण्यातली खिडकी कुठली?"

"ते तुझ्या मामाला विचार. मी कधी विचारलं नाही."

ध्वनिवाल्याने मला थांबवले. तिथे काम करणारी माणसेही दिवे, वायरी हातात तशाच धरून उभी राहिली. मामाने घसा साफ केला. "असं आहे, की गाण्याचा अर्थ गाण्यालाच..."

"ते वाक्य मासिकांना द्या," मामी म्हणाली. "कोणाची खिडकी?"

मामा चष्म्याची काडी चाचपू लागला. माझी अवस्था तुम्हाला सांगून कळणार नाही. उत्तर माझ्या पोटात, आणि ध्वनिवाल्याचे बोट माझ्या गळ्यावर.

तेवढ्यात ढकलत परत दारात आणलेल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसलेला दणक्या तिथूनच म्हणाला, "वहिनी, खिडकीचं मला ठाऊक नाही. पण 'मला सोड' हे तर हा मला म्हणत होता."

"तुम्हाला?"

"मलाच. मी गाडी चालवतोय, हा मागं गाद्यांवर. मला घरी सोड, मला घरी सोड, सारखी कानाशी भुणभुण. मी म्हटलं, थांब जरा, अजून एक दार आहे. तर लेकानं तेही गाण्यात घातलं. चांगलं रोज फुकट सोडायचो, आणि वर जगभर तक्रार."

"घरी?" मामीने विचारले.

"घरी म्हणजे तुमच्याकडे. नवीन लग्न होतं की. माझ्यामुळं रोज उशीर व्हायचा, मग हा चिडायचा. का? तुम्हाला काय वाटलं होतं?"

मामीला काय वाटले होते ते तिने त्याला सांगितले नाही. ती नवऱ्याकडे वळली. "'घरी' कुठं गेलं?"

"मीटरमध्ये बसेना," मामा म्हणाला. "एक शब्द जास्त होत होता."

"आणि तोच काढलात."

"अगं, दुसरा कुठला काढणार? 'मला' काढला असता तर नुसतं 'घरी सोड' राहिलं असतं. ते दूधवाल्याला सांगितल्यासारखं वाटतं."

"बरं. आणि खिडकी?"

मामाने काळा चष्मा काढला. "दारावर व्हेंटिलेटर होता ना आपल्या. तू आत दिवा लावलास की त्याच्या काचेतून जिन्यात उजेड पडायचा. गाडी थांबली की मी आधी खालून तो बघायचो."

"मग व्हेंटिलेटर लिहायचं."

"'व्हेंटिलेटरमध्ये दिवा लागला असेल' हे गायचं कसं? लोकांना वाटेल कोणीतरी सीरियस आहे."

"झरोका होता की शब्द."

"झरोक्यात रॉक बसत नाही गं."

मामी त्या खोट्या खिडकीच्या चौकटीला टेकली. चौकट प्लायवूडची होती, ती हलली, तेव्हा मामी सरळ उभी राहिली. "मी रस्त्यानं जाताना खिडक्या बघायचे," ती म्हणाली. "कुठंही गेले तरी. बाजारात, लग्नाला गेलो तरी. वर बघायचे. ही असेल का, ती असेल का."

मग दणक्या म्हणाला, "आणि निघाल्या गाद्या."

"तुम्ही गप्प बसा, भावजी."

"बसलोच आहे."

"तू विचारायचं तरी," मामा म्हणाला. त्याच्या हातातल्या चष्म्याची एक काडी निखळून आली होती आणि तो ती परत बसवायला बघत होता. "तू उठून जायचीस. मला वाटायचं, आवाज."

"आवाजही होताच," मामी म्हणाली. "आणि घरी यायची एवढी घाई होती, तर आल्यावर बोलायचा का नाहीत? पानावर बसायचात ते मुक्यानं."

"घशात कापूस गेलेला असायचा."

मामी हसली. फार नाही. रागही गेला नव्हता, तो फक्त इतका वेळ चुकीच्या पत्त्यावर जात होता हे कळून जरा गोंधळला होता. तिने नवऱ्याच्या हातातला चष्मा घेतला, काडी बसवली आणि परत दिला.

भाची जमिनीवरच बसली होती. "मामी, मी हे सगळं तुझ्या बाजूनं केलं होतं गं."

"माहीत आहे मला. छान झालंय. बायको झालेली मुलगीही गोड आहे, तिला खिडकी शोभते, ती राहू दे." मामीने टेबलावरच्या किल्लीकडे बोट दाखवले, छापखान्यात चुकीच्या ओळीवर ठेवत असेल तसे. "पण हा शेवटी चालला कुठं?"

"सोडून."

"त्याला घरी येऊ दे."

"अगं, पण मग स्टोरी काय राहिली?"

"घरी येतो. एवढीच होती."

"मामी, नायक गेला. सकाळीच गेला. माझ्याकडे आहे ते सगळं त्याच्या जाण्याचंच आहे."

दणक्या फळीवरून म्हणाला, "उलटं फिरवा की. कॅसेट उलटी फिरायची तसं."

मित्रांनो, पुढे जे झाले ते मी होता होईल तो शांतपणे सांगते. त्यांनी ते खरेच उलटे फिरवले. त्यामुळे आता माझ्या व्हिडिओच्या शेवटी एक गरम झालेली गाडी कोपऱ्यावरून पाठमोरी येते. तिचा धूर परत तिच्या नळीत शिरतो. नायक पाठीकडून बाहेर पडतो, पाठीकडून जिना चढतो, दार त्याच्या पाठीला आपोआप उघडते, तो टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकतो आणि खुर्चीत बसतो. बायको दिवा विझवते, तेही उलटे झाल्याने दिवा लागतो. एवढी एक गोष्ट बरी दिसते. मामीने ते भाचीच्या लॅपटॉपवर दोनदा पाहिले, नायकाच्या बुटाची नाडी सुटलेली आहे हे दाखवले, आणि ठीक आहे म्हणाली. गिटारवर कुलपाचा आवाज आहे तसाच आहे. तो आता कुलूप लागल्याचा येतो.

व्हिडिओ आला तेव्हा जाणकारांनी पाठीने घरात शिरणाऱ्या नायकाविषयी लिहिले. एकाच्या मते तो काळाला दिलेला नकार आहे. दुसऱ्याच्या मते मुक्तीच्या हंबरड्याची ही शोकांत परतफेड आहे. गायकाला पुन्हा मुलाखतीत विचारले, अर्थ काय. तो म्हणाला, "गाद्या." मुलाखत घेणाऱ्याने ते छापताना 'गाद्या' शब्दाला अवतरणचिन्हे घातली आणि पुढे कंसात लिहिले, सत्तेच्या.

मी थकले, मित्रांनो. जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी विनंती करायची असते, म्हणून करते. मला धूळ लागू देऊ नका वगैरे मी म्हणणार नाही. मला आता लागायला जागाच नाही, मी कुठल्या तरी तारेतून येते आणि जाते. पण तुमच्या घरात एखादे गाणे लागले की कोणी उठून आत जात असेल, तर त्याच्या मागोमाग जा आणि विचारा. त्याच दिवशी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी पुढे गाणी लिहिणार असेल, तर चालीत एक शब्द जास्त झाला म्हणून 'घरी' काढू नका. चाल बदला. चालीला कोणी वाट बघत बसलेले नसते.

माझा व्हिडिओ पुष्कळ लोक बघतात. बहुतेक जण बसमध्ये नाहीतर ऑफिसात बघतात, त्यामुळे आवाज बंद ठेवून बघतात. त्यांच्यासाठी यंत्राने ऐकून लिहिलेली अक्षरे खाली उमटतात. यंत्राने मला 'मला सोडा' असे लिहिले आहे. त्याखाली सगळ्यांत जास्त लोकांनी विचारलेला प्रश्न, हा सोडा कुठे मिळतो, असा आहे.